घडीची सायकल, घडीत गायब!

‘सायकल गेली गं बाई.’

अण्णांचा फोन. नोव्हेंबरातला गुरुवार, सकाळचे साडेअकरा. मी पुण्यात, बाणेरच्या एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मुलाखतीची वाट बघत बसलेली. समोर कॉफी, मांडीवर लॅपटॉप. मला वाटलं, ‘गेली’ म्हणजे पंक्चर झाली असेल.

‘गेली म्हणजे?’

‘म्हणजे नाही. कुलूप आहे. सायकल नाही.’

‘कुलूप आहे, सायकल नाही’ हे वाक्य नीट कळायला मला पुणे ते बीड असा अख्खा एसटी प्रवास करावा लागला. कळलं तेव्हा जाम लाज वाटली. कारण यात अण्णांची चूक कमी आणि माझी जास्त होती. म्हणूनच फ्रेंड्स, या आठवड्यात नवा कॅफे नाही, वीकएंड गेटवे नाही. या आठवड्याचा कॉलम चक्क एका कुलपावर!

गिफ्ट द्यायची हौस

आपल्यातले निम्मे तरी ‘आई-बाबा गावाकडं, आपण इकडं’ कॅटेगरीतले. दोन महिने घरी जायला जमलं नाही की आपल्याला गिल्ट येतो, आणि गिल्ट आला की आपण काहीतरी ऑर्डर करतो. कुणी स्मार्ट टीव्ही पाठवतं, कुणी मसाज चेअर. मी ई-बाईक पाठवली. घडीची.

त्याला कारण होतं. अण्णा झेडपीच्या शाळेत ३१ वर्षं मास्तर. बदली कुठंही होवो, शाळेत जायचं ते सायकलवरच. रिटायर झाले आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला. स्कूटरला त्यांचा साफ नकार, ‘जुडीभर मेथी आणायला पेट्रोल जाळू का?’ बरं, आमचं घर बीडच्या जुन्या भागात. गल्ली अशी की दोन स्कूटी समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरायचं. घरापुढं गाडी लावायला जागा नाही. मग २० इंची चाकांची, मध्ये बिजागरी असलेली, घडी करून जिन्याखाली मावणारी ई-बाईक म्हणजे परफेक्टच ना! वजन वीसेक किलो, किंमत चाळीसेक हजार. २०२५ च्या जूनमध्ये बारा महिन्यांच्या ईएमआयवर घेतली. फ्रीलान्सरचा ईएमआय म्हणजे काय असतो, हे फ्रीलान्सरलाच विचारा. सायकल चोरीला गेली तेव्हा सात हप्ते बाकी होते.

अण्णा मात्र जाम खूश. बीडमध्ये ही सायकल म्हणजे फुल्टू शो झाला. मोंढ्यात, साठे चौकात, सुभाष रोडला, जिथं थांबतील तिथं लोक गोळा. ‘मास्तर, ॲव्हरेज किती देती?’ ‘लायसन लागतं का?’ आणि हमखास, ‘घडी करून दाखवा की!’ आमचे मास्तर हाडाचे मास्तर. क्लिप कुठली उघडायची, बिजागरी कशी वळते, सीट कशी खाली जाते, सगळं प्रात्यक्षिकासह. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. कित्येक वर्षं ‘येणार येणार’ म्हणून ऐकलेली रेल्वे खरंच आली, तेव्हा अण्णा म्हणाले, ‘आता तुला घ्यायला स्टेशनवर सायकल घेऊन येतो. तू सायकलवर बस, मी रिक्षानं येतो.’

आठ दिवसांत अर्ध्या बीडला माहीत झालं होतं की ही सायकल दुमडते कशी. चोरालाही झालं असणार.

कुलूप शाबूत!

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. अण्णा त्यासाठी बँकेत गेले होते. बाहेर लोखंडी रेलिंग. सायकलसोबत फुकट आलेलं केबल लॉक होतं, चार आकड्यांचं, प्लास्टिकचं कव्हर असलेलं. ते त्यांनी रेलिंगमधून घेतलं, सीटखालच्या दांड्याभोवती गुंडाळलं, आकडे फिरवले आणि आत गेले. पाऊण तासानं बाहेर आले तर केबल रेलिंगला तशीच. कुलूप लागलेलं. वेटोळ्यात सायकल नाही.

चोरानं काहीच तोडलं नव्हतं. घडीच्या सायकलची सीट वर-खाली करायला एक खटका असतो, त्याला क्विक रिलीज म्हणतात. चोरानं खटका उघडला, सीट दांड्यासकट वर ओढून बाहेर काढली, केबल मोकळी झाली. सीट परत घातली. मग अण्णा रोज चौकात शिकवत होते तेच केलं. घडी.

समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत पुढचं दिसतं. एक माणूस बॅगेसारखं काहीतरी उचलून शांतपणे चालत जातो. कुणी बघतसुद्धा नाही, कारण घडी केलेली सायकल सायकल वाटतच नाही. साधी सायकल खांद्यावर घेऊन कुणी पळत असतं तर चार लोकांनी हटकलं असतं. घरी न्यायला सोपी म्हणून आम्ही जी सायकल घेतली, ती चोरालाही न्यायला तेवढीच सोपी होती. डोक्याला शॉट!

‘ये ताला नहीं, रस्सी है’

बीडला पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी ती केबल घेऊन बार्शी नाक्याच्या बाजूला पंक्चरवाल्या चाचांकडं गेले. लहानपणापासून आमच्या घरातल्या सगळ्या सायकलींचे ते फॅमिली डॉक्टर. चाचांनी केबल हातात घेतली, वाकवून बघितली आणि म्हणाले, ‘ये ताला नहीं बेटा, रस्सी है रस्सी!’ मग साधं कटर घेतलं. चार-पाच दाब, आणि केबलचे दोन तुकडे माझ्या हातात. सीटचा दांडा निघाला नसता तरी अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

मग चाचांनी शिकवलं आणि मी घरी येऊन आणखी वाचलं. त्याचा हा थोडक्यात फंडा.

केबल लॉक एकटं कधीच वापरू नका. ते जोडीला ठीक आहे, हेल्मेट किंवा सीट अडकवायला. मुख्य कुलूप हवं ते यू आकाराचं पोलादी, ज्याला डी-लॉकही म्हणतात, नाहीतर कडक केलेल्या पोलादाची जाड साखळी. यू-लॉकची दांडी १३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असली तर हातातलं कटर सहसा हरतं. इंग्लंडमध्ये ‘सोल्ड सिक्युअर’ नावाची संस्था कुलपं तोडून बघते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे देते. आपल्याकडं मिळणाऱ्या कुलपावर असा शिक्का दिसला तर उत्तमच. बजेटचा जुना हिशेब असा की सायकलच्या किमतीच्या दहा टक्के कुलपावर घाला. चाळीस हजारांच्या सायकलला चार हजारांचं कुलूप! मलाही आधी हे ऐकून घाम फुटला होता. आता नाही फुटत.

महागडं कुलूप घेतलं म्हणजे डोळे मिटले असंही नाही. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट या नामांकित कंपनीची गोल चावीची यू-लॉकं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिक नळीनं उघडतात, हे लोकांनी व्हिडिओ काढून दाखवलं होतं. कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. म्हणून गोल नळीसारख्या चावीचं जुनं, स्वस्त कुलूप कुणी गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढं तर बहुतेक कुलपं मान टाकतात. पण ग्राइंडरचा आवाज होतो, ठिणग्या उडतात, वेळ लागतो. कुलपाचं काम चोराचा वेळ खाणं आणि त्याला लोकांच्या नजरेत आणणं एवढंच असतं. शेजारची सायकल सोपी दिसली की तो तिकडं वळतो. क्रूर आहे, पण आहे असंच.

आणि आपल्या जुन्या सायकलींना असायचं ते मागच्या चाकाचं गोल कुलूप? चाक फिरत नाही, बास. सायकल कशालाच बांधलेली नसते. २०१७-१८ मध्ये पुण्यात ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या होत्या, आठवतंय? त्यांचीही चाकाची कुलपं स्मार्ट होती, पण सायकली रस्त्यावर मोकळ्याच उभ्या असायच्या. मोडतोडीनं आणि पळवापळवीनं त्यांची काय दशा झाली, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. घडीच्या सायकलला तर चाक फिरायचीही गरज नाही. ती उचलूनच नेतात.

घडीवालीचे नखरे

साध्या सायकलचे नियम हिला जसेच्या तसे चालत नाहीत. हिचे नखरे वेगळे.

पहिला नखरा म्हणजे जे जे हातानं निघतं ते ते कुलपासाठी बाद. सीटचा दांडा निघतो. हँडलचा दांडा खाली वळतो, काही मॉडेल्समध्ये पूर्ण निघतो. पुढचं चाक खटक्याचं असेल तर तेही निघतं. आमच्या अण्णांनी नेमकी सगळ्यात सोपी जागा निवडली होती. सीटचा खटका काढून तिथं साधा नट-बोल्टचा क्लॅम्प बसवून मिळतो. पण मग घडी करताना दर वेळी पाना लागतो. तो कंटाळा असेल तर सीट दांड्यासकट काढून सोबत न्या.

दुसरा नखरा मोटरचा. बहुतेक घडीच्या ई-बाईकची मोटर मागच्या चाकात असते आणि तीच महाग. म्हणून यू-लॉक घालायचं ते मागच्या चाकातून, चाक ज्या त्रिकोणात बसतं त्या फ्रेमच्या त्रिकोणाच्या आतून, आणि तिथून रेलिंगला. अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राऊन यांनी ही पद्धत फेमस केली. रिम त्या त्रिकोणातून बाहेर निघू शकत नाही, त्यामुळे चाक आणि फ्रेम एकाच कुलपात अडकतात. घालताना मोटरची वायर चेंगरत नाही ना, डिस्क ब्रेकची चकती वाकत नाही ना, एवढं बघा.

तिसरा नखरा बिजागरीचा. पाने-पिना घेऊन आलेला शहाणा चोर बिजागरी खोलून पुढचा भाग नेऊ शकतो. त्यामुळे जास्त वेळ ठेवायची असेल तर पुढचं चाक आणि पुढची फ्रेम यांतून दुसरी साखळी. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त, आणि तिथंही दोन कुलपं ही कॉमन गोष्ट आहे.

चौथा नखरा मापाचा. या सायकलींची मधली नळी जाड असते, काहींचे टायर चार इंच रुंद. छोटं, क्यूट यू-लॉक तिथं शिरतच नाही. ऑनलाइन मागवण्याआधी टेप घेऊन चाक, फ्रेम आणि रेलिंग यांची मिळून जाडी मोजा. आणि खूप मोठंही घेऊ नका. कुलपात मोकळी जागा राहिली की चोराला कांब घालून पिरगाळायला वाव मिळतो.

पाचवा नखरा बॅटरीचा. ती चावीनं निघते आणि सॅकमध्ये मावते. सायकल बाहेर, बॅटरी तुमच्यासोबत. बॅटरीशिवायची ई-बाईक म्हणजे जड सायकल, तिला गिऱ्हाईक कमी. शिवाय उन्हाळ्यात आमच्या बीडला पारा चाळीसच्या वर जातो. तशा उन्हात बॅटरी तापत ठेवणं तिच्या आयुष्यालाही बरं नाही.

आणि बांधायचं कशाला? जे स्वतः हलत नाही त्याला. दिसायला भक्कम वाटणारा नो-पार्किंगचा खांब कधी कधी नुसता खड्ड्यात उभा असतो, सायकल वर उचलली की कुलपासकट मोकळी. आधी खांब हलवून बघा. बुटका खांब नको. विजेचा खांब तर नकोच, पावसाळ्यात करंट उतरला तर सायकलपेक्षा मोठं काहीतरी जाईल. कुलूप जमिनीला टेकलेलं नसावं, कारण जमिनीवर ठेवून हातोडा मारणं सोपं जातं. चावीचं भोक खाली. आणि जागा वर्दळीची, कॅमेऱ्यासमोरची.

सगळ्यात भारी कुलूप

हे सगळं शिकल्यावर मला एक साधी गोष्ट दिसली. एवढा खटाटोप करायचा तो सायकल बाहेर ठेवायचीच असेल तर. मग घडीची सायकल घेतली कशाला?

ही आयडिया नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पॅराट्रूपर्ससाठी बीएसए कंपनीनं घडीच्या सायकली केल्या होत्या. तशी एक पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल म्युझियममध्ये बघायला मिळते. १९७० च्या दशकात लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी आपल्या फ्लॅटमध्ये ब्रॉम्प्टन सायकल घडवली. लंडनचे ऑफिसवाले ती चालवत स्टेशनवर जातात, घडी करून लोकलमध्ये नेतात आणि ऑफिसात टेबलाखाली ठेवतात. थोडक्यात, घडीची सायकल बाहेर ठेवायची वस्तूच नाही! ती आपल्यासोबत आत येते, हेच तिचं सगळ्यात भारी कुलूप.

अडचण वजनाची नाही, संकोचाची आहे. अण्णांना बँकेत सायकल घेऊन जायला कसंतरी वाटलं. ‘लोक काय म्हणतील?’ आपलंही तेच होतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसच्या रिसेप्शनवर सायकल घेऊन जायला आपण लाजतो. एक कव्हर-बॅग घ्या, गार्डला एकदा नीट विचारा. निम्म्या ठिकाणी तरी ‘ठेवा कोपऱ्यात’ हेच उत्तर मिळतं. आणि बाहेर ठेवायची वेळ आलीच, तर उघडी ठेवा. घडी करून बाहेर ठेवणं म्हणजे चोराला पार्सल बांधून देणं. जागेअभावी घडी करावीच लागली तर कुलूप दोन्ही चाकं आणि फ्रेम यांतून जाऊन रेलिंगला अडकलं पाहिजे.

‘नंबर सांगा’

आता पोलीस स्टेशन. तिथले साहेब खरंच बरे होते. वही उघडून म्हणाले, ‘गाडी नंबर?’

‘नंबर नसतो हिला.’

‘आरसी?’

‘लागत नाही.’

‘इन्शुरन्स?’

‘काढला नव्हता.’

‘मग मॅडम, उद्या मला अशीच काळी सायकल सापडली, तर ती तुमचीच हे मी कशावरून म्हणू?’

मी गप्प. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर अडीचशे वॉटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती मोटार वाहन धरली जात नाही. लायसन नको, रजिस्ट्रेशन नको, नंबर प्लेट नको. घेताना हाच तर सेलिंग पॉइंट होता! पण नंबर प्लेट नाही म्हणजे कुठल्याही सरकारी कॉम्प्युटरमध्ये ती सायकल तुमची नाही. तिच्यावरचा तुमचा हक्क सांगायला असतो फक्त फ्रेमवर कोरलेला नंबर, आणि तो कुणीतरी कुठंतरी लिहून ठेवलेला असावा लागतो.

आमच्या बिलावर फक्त मॉडेलचं नाव होतं. फ्रेम नंबर खोक्यावरच्या स्टिकरवर होता. खोकं रद्दीवाल्याला दिलं होतं. मीच सांगितलं होतं, ‘अण्णा, कचरा कशाला ठेवता?’

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, ‘आमच्या वेळी बिल्ला असायचा.’ नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि पत्र्याचा छोटा बिल्ला द्यायची, दर वर्षी नवा. बिल्ला नसेल तर सायकल जप्त. भाड्याच्या सायकलींच्या मडगार्डवर दुकानाचं नाव आणि नंबर ऑइलपेंटनं. घरच्या सायकलच्या चेनकव्हरवर पेंटरकडून मालकाचं नाव. सायकल कुणाची ते गावाला लांबून वाचता यायचं. अण्णांनी या ई-बाईकवरही नाव टाकायचं ठरवलं होतं, पेंटरशी बोलणंही झालं होतं. मी व्हिडिओ कॉलवर ओरडले होते, ‘अण्णा प्लीज! मॅट ब्लॅक आहे ती. लुकची वाट लागेल.’

लुक वाचला. सायकल गेली.

अण्णांचं गुपित

बारा दिवसांनी फोन आला. दुसऱ्या एका चोरीच्या तपासात काही सायकली आणि मोबाइल सापडले होते, त्यात एक घडीची काळी सायकल. ‘ओळखायला या.’ मी पुण्याला जायची तिकीट कॅन्सल केली आणि अण्णांसोबत गेले.

सायकल होती. डिस्प्ले गायब, बॅटरी गायब, फ्रेमवर चरे. मॉडेल तेच. पण तेच मॉडेल आणखी कुणाकडंही असू शकतं. साहेबांनी मागचाच प्रश्न विचारला, ‘कशावरून?’

अण्णांनी उत्तर दिलं नाही. एक स्क्रू ड्रायव्हर मागितला. उजव्या हँडलची रबरी मूठ सैल करून ओढून काढली आणि नळीत बोट घालून कागदाची सुरळी बाहेर काढली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. वर निळ्या शाईत, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि खरेदीची तारीख.

अण्णांकडं बरीच वर्षं शाळेचं ग्रंथालय होतं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का असतोच, पण आत एका ठरलेल्या पानावर दुसरा शिक्का मारायचा, पहिलं पान फाडणाऱ्याला तो माहीत नसतो. तीच सवय. सायकल घरी आली त्याच दिवशी त्यांनी चिठ्ठी घातली होती आणि मला सांगितली नव्हती. ‘तू परत लुक म्हणाली असतीस,’ म्हणाले.

साहेब हसले. म्हणाले, ‘गुरुजी, हे बेस्ट.’ तरी सायकल लगेच हातात आली नाही. सापडलेली वस्तू आधी मुद्देमाल असते, कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर सोडवून घ्यावी लागते. तेही झालं. बॅटरी मात्र गेली ती गेलीच. नवी घ्यायला जी रक्कम गेली त्यात माझे दोन महिन्यांचे कॉलम संपले. ईएमआय चालूच आहे.

आता सायकल परत रस्त्यावर आहे. मध्ये यू-लॉक लटकतं, चाचांनी त्याला फ्रेमवर बसायला क्लॅम्प करून दिला. सीटखाली ट्रॅकर लपवलाय, एअरटॅग किंवा जिओटॅगसारखा. (मेटलच्या नळीच्या आत टाकू नका, सिग्नल अडतो. आणि ट्रॅकरवर सायकल दिसली तर हिरोगिरी करत एकटे जाऊ नका, पोलिसांना सांगा.) आणि फ्रेमवर, मॅट ब्लॅकवर, पांढऱ्या ऑइलपेंटनं अण्णांचं आडनाव आणि खाली ‘बीड’. पेंटरनं हौसेनं अक्षरांना लाल सावलीपण दिलीय. लुकची पार वाट लागलीय. सॉलिड दिसतं!

गेल्या आठवड्यात अण्णा परत बँकेत गेले. घडी करून, आत घेऊन. गार्डनं विचारलं, ‘मास्तर, कुठं गावाला निघालात का?’

‘नाही,’ अण्णा म्हणाले, ‘पासबुक भरायचंय.’

आणि सायकल शेजारच्या खुर्चीपाशी ठेवून रांगेत उभे राहिले.

आजच करा, पाच मिनिटांत!

● सायकल उलटी करा. पेडलच्या दांड्याखाली, सीटच्या नळीवर किंवा हँडलखालच्या नळीवर फ्रेम नंबर शोधा. फोटो काढून स्वतःलाच मेल करा. मोटर आणि बॅटरीचा नंबरही.

● बिलावर फ्रेम नंबर नसेल तर दुकानदाराकडून लिहून, सही-शिक्का घेऊन या. खोक्यावरचं स्टिकर कापून ठेवा.

● सायकलसोबत तुमचा एक फोटो काढा. सेल्फी चालेल.

● हँडलच्या मुठीत चिठ्ठी. नाव, फोन, तारीख. प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

● कुलपाची दुसरी चावी घरी, वेगळ्या जागी.

● सीट, बॅटरी, डिस्प्ले यांतलं जे निघतं ते सोबत न्या.

● चोरी झालीच तर त्याच दिवशी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे (१ जुलै २०२४ च्या आधी हेच आयपीसी ३७९ होतं). दुसऱ्या शहरात असाल तर कुठल्याही पोलीस स्टेशनला झीरो एफआयआर देता येतो. ऑनलाइन माहिती दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.

● आणि गावाकडं आई-बाबांना काही पाठवलं असेल, तर या वीकएंडला फोन करून विचारा, ‘कुलूप कसं लावता, दाखवा बरं!’ व्हिडिओ कॉलवर. लुकचं नाव काढू नका.